गळक्या दाराचं धुरी-यंत्र

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्याने तो खुर्चीतूनच घातला आहे, पण पूर्ण धरावा.) आपलं ब्लडप्रेशर आवाक्यात असेल, वहिनींचा खांदा वरच्या फळीपर्यंत पोचू लागला असेल आणि आपण दोघं डॉक्टरांपेक्षा एकमेकांचं जास्त ऐकत असाल, अशी आशा करतो. इकडे मी ठणठणीत आहे. तुमच्या बहिणीबद्दल मात्र तसं लिहिता येत नाही, म्हणूनच हे पत्र.

तापातून उठल्यापासून तिचं नाक गेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (नाक जागेवर आहे, वास गेला.) वासामागोमाग चवही गेली. जी बाई जिन्यात पाऊल टाकताच कोणाकडे दूध उतू गेलं ते सांगायची, ती आता हजेरीपटावर सही केल्यासारखी जेवते. दोन घास, पाणी, उठली. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकू लागलं आहे. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. किती हळू, ते सांगत नाहीत. मध्यंतरी एका दुपारी खाली कोणीतरी पालापाचोळा पेटवला. ती खिडकीशी उभी होती. एकदम म्हणाली, "अहो, धूर येतोय." मी तडक खाली गेलो, दोन बादल्या ओतल्या, पेटवणाऱ्याला चार शब्द सुनावले आणि वर आलो. वर आल्यावर लक्षात आलं की इतक्या महिन्यांत तिला आलेला तो पहिला वास होता आणि मी तो विझवून आलो होतो.

त्याच दिवशी ठरवलं. हिला धूर पोचतो ना? मग धूर ताटात आणायचा. दादा, आता यातून मी मागे हटणार नाही. तुम्ही म्हणाल, उभा जन्म अग्निशमन दलात घालवलेला, लोकांच्या घरांना नोटिसा देणारा माणूस विकतचा धूर घरात आणतोय. म्हणा. मलाही तसंच वाटलं होतं. पण घरात चूल पेटवता येत नाही, म्हणून विजेवर चालणारा स्मोकर घ्यायचा. म्हणजे काय, तर एक छोटं लोखंडी कपाट. तळाशी वीज लाकडाचे तुकडे तापवते, ते धुमसतात आणि वरच्या जाळ्यांवर ठेवलेल्या अन्नाला धुरी बसते. इतकं सोपं. (असं मला वाटलं.)

दुकानातला विक्रेता फार अदबशीर. धूर गरम हवा की गार, लाकूड सफरचंदाचं की चेरीचं, असं तो विचारत होता. जणू स्थळ दाखवायला आला होता. मी म्हटलं, "बाबा, मला नाक नसलेल्या माणसाला कळेल असा धूर हवा." त्याने चार यंत्रं ओळीने चालू करून दाखवली. आता इथे जे घडलं ते नीट सांगतो, कारण चूक सर्वस्वी माझी आहे आणि तुमची बहीण ती वेगळ्या चालीवर सांगेल. दारं तपासणं हा माझा धंदा. खिशातून पातळ कागदाची पट्टी काढली आणि प्रत्येक यंत्राच्या फटीपाशी धरली. पहिल्याची पट्टी फडफडली, नापास. दुसऱ्याने डोळ्यांत पाणी आणलं, नापास. तिसऱ्याच्या दाराला पोक आलेला आणि फटीतून नुसते लोट, त्याच्या मालकालाही मी चार शब्द सुनावले असते. चौथ्याची पट्टी मात्र जागची हलली नाही. आसपास वासाचा मागमूस नाही. मन प्रसन्न झालं. शेरा दिला, उत्तम, आणि तेच उचललं.

घरी आल्यावर लाकडाचे तुकडे सुरक्षेसाठी सकाळभर पाण्यात बुडवले, यंत्राचे झरोके बंद केले आणि आत बटाटे, अंडी, चीज ठेवलं. दुपारी ताट पुढे केलं. ती चावत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी तिने विचारलं, "तुम्हाला तरी येतोय का वास?" मी एक बटाटा खाल्ला. उकडलेला होता. छान उकडलेला होता. दादा, धुराचं यंत्र आणायला गेलो आणि धूर न करणारं निवडून आणलं! ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या ताटात दुसरा बटाटा वाढला आणि भांडी उचलली.

दुसऱ्या दिवशी मी ते परत घेऊन दुकानात हजर. विक्रेता म्हणाला, "काका, लोक धूर येतो म्हणून यंत्र परत आणतात." मी म्हटलं, "लोकांना नाकं आहेत. ते पोक आलेल्या दाराचं दे." तो म्हणाला, "ते भंगारात काढलंय." मी म्हटलं, "त्याला हातही लावू नकोस, मी ते नेतोय." आणि नेलं. बाल्कनीत ठेवलं, या वेळी तुकडे कोरडे, झरोके सताड उघडे. काय धूर, दादा! निवृत्तीनंतर असा पाहिला नव्हता. ती स्वयंपाकघरातून येतच होती, तेवढ्यात इमारतीची धोक्याची घंटा वाजली. सगळी बिऱ्हाडं चपला शोधत जिन्यात. खाली उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई (त्या आमच्या सोसायटीच्या अध्यक्षा) मला म्हणाल्या, "काका, इतकी नाजूक घंटा बसवायचा हट्ट कोणाचा होता?" माझाच होता. नियमही मीच लिहिला होता. तिला काही वास आला का, ते त्या गोंधळात विचारायचंच राहिलं. नंतर विचारलं तर म्हणाली, "घंटा ऐकू आली."

पण मी हात टेकलेले नाहीत. यंत्र चांगलं आहे, फक्त जागा चुकते आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. तुमच्याकडे अंगण आहे आणि घंटा नाही. त्यामुळे यंत्र कालच तुमच्या पत्त्यावर रवाना केलं. दार दुरुस्त करू नये, तोच त्याचा गुण आहे.

ता. क. खरी विनंती राहिलीच. तिला तुम्ही आपणहून बोलवा. मी म्हटलं तर ती म्हणते, "वहिनी रांधणार आणि मी माती खाल्ल्यासारखं तोंड करणार, कशाला जायचं?" तिने कुणाकडे जाणंच सोडलं आहे. तुमचा शब्द ती मोडत नाही. काहीतरी निमित्त काढा. माझं नाव घेऊ नका.

ता. क. दादा, आता मी लिहितेय. पाकिटावर पत्ता घालायला हे माझ्याकडे आले. वाचू नकोस म्हणाले, म्हणून वाचलं. ह्यांना माणसं पाठ असतात, पत्ते नाहीत. ते कपाट तुझ्या जुन्या घरी गेलं असणार, जाऊन घेऊन ये. निमित्त शोधत बसू नकोस, मी येतेय. आणि आज सकाळी कपडे धुताना मला साबणाचा वास आला. एवढासा, आला आणि गेला. बाकी अजून काही नाही. ह्यांना सांगितलेलं नाही, आणि त्या दुपारी खिडकीतून धूर मला नुसता दिसला होता, हेही नाही. जन्मभर धुराशी भांडलेला माणूस माझ्यासाठी दुकानात जाऊन भंगारातला धूर मागून आणतो, तेव्हा साबणाला पहिला मान देणं बरं दिसत नाही. मला पहिला वास तुझ्या अंगणात येणार आहे, त्या कपाटापाशी, ह्यांच्यासमोर. तू आणि वहिनी फक्त हसू नका.