विमान साहेबाचं, म्हैस आपली

आये, तुझा तो सिनेमा काल पुन्हा माझ्या घरात शिरला. मी आता कोपरला असते, मुलाकडे. नातवाने मोबाइलवर कुठूनसा हुडकून काढला आणि "आजी, हाच ना गं पणजीचा पिक्चर?" म्हणत माझ्या नाकासमोर धरला. तुला जाऊन किती वर्षं झाली, पण त्या सिनेमाने काही माझा पिच्छा सोडलेला नाही. म्हटलं, आता लिहून तरी मोकळं व्हावं. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. पण तू होतीस तेव्हा तोंडाने सांगून सांगून माझी जीभ झिजली, तेव्हा तरी कुठे ऐकून घेतलंस?

तो सिनेमा लागला तेव्हा मी कल्याणात राहून शिक्षिकेचा कोर्स करत होते. तू रोज दुधाची बरणी डोक्यावर घेऊन सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात जायचीस आणि विठ्ठलवाडीच्या बाजूला ते पत्र्याचं थेटर तुझ्या वाटेवर होतं. थेटरचा दरवान सिंधी होता, त्याच्या घरी तुझंच दूध. तू आधी एकदा पूर्ण सिनेमा पाहिलास, आणि मग सुरू झालं तुझं वेड. दुपारच्या खेळाला, दूध घालून झालं की, तू दारापाशी जाऊन उभी. वेळ झाली की दरवान पडदा बाजूला करून हाक मारायचा, "माई, आ जाओ, तुम्हारा आदमी आ रहा है." तू आत जायचीस, तेवढा एक तुकडा बघायचीस, पदराने डोळे पुसत बाहेर यायचीस. एकदा मी मैत्रिणींबरोबर बाकावर बसलेले असताना तू दारातून मोठ्याने ओरडलीस, "त्यो बगा, त्यो बगा, आमचा घरवाला!" अख्खं थेटर मागे वळलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

काय होतं गं त्या तुकड्यात? लढाईचे दिवस, हिरोचं विमान पेटलेलं, खाली उतरायला जागा दिसत नाही. एक शेतकरी धावत मैदानात येतो, डोक्याचं मुंडासं सोडून हवेत फिरवतो, ते बघून हिरो विमान उतरवतो. धुरळा उठतो, शेतकरी आडवा पडतो. मग उठतो, मुंडासं झटकतो, परत डोक्याला गुंडाळतो आणि आपल्या वाटेने चालायला लागतो. हिरो त्याला सलाम करतो. बास. आणि हे आमचे बाबा म्हणे!

अगं, त्यात एक गोष्ट तरी खरी होती का? आपल्या शिवारात विमानतळ झाला तो तू आणि मी रोज पाहिलेला. आपली भातखाचरं आणि गुरचरण दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या साहेबाने लढाईसाठी घेतली, तिथेच तर तो झाला. आपल्याकडे यायची ती विमानं उभी राहिली की शेपूट जमिनीला टेकवून बसायची, म्हातारी उकिडवी बसते तशी. सिनेमातलं विमान ताठ उभं, लढाई संपल्यावर आलेल्या नव्या बनावटीचं. बरं, उडतं तेव्हा त्याला दोन पंखे, उतरतं तेव्हा एकच. दुसरा काय वाटेत गळून पडला? साहेबांकडे बावटे होते, दिवे होते. ते आपल्या माणसाच्या मुंडाशाची वाट बघत बसणार होते का? आणि ती हिरॉइन, विमानाच्या चाकाला टेकून गाणं म्हणणारी! आपण कुंपणापाशी गवत कापायला वाकलो तरी शिपाई दांडकं घेऊन अंगावर यायचा. हे सगळं मी तुला पोटतिडकीने सांगितलं तर तू म्हणतेस काय, "पन गानं बरं हाय ना?" मी कपाळावर हात मारून घेतला.

खरं काय झालं ते तुला माहीत नव्हतं असंही नाही. तू होतीस तिथे. गुरांना काय कळते लढाई? ती सवयीने जुन्या चराईवर जायची, थेट धावपट्टीवर. आपल्या गावच्या गुरांना बाबांची हाळी कळायची, म्हणून साहेबांनी त्यांनाच गुरं हाकायच्या कामाला ठेवलं. त्या दिवशी आपण दोघी त्यांची भाकरी घेऊन गेलेलो. कापणी झालेली, ऊन कलतं आहे, आणि आपलीच म्हैस, गाभण, धावपट्टीच्या मधोमध उभी आहे. विमान उतरायला आलेलं. पलीकडून शिपाई शिट्टी फुंकतोय, हात करून बाबांना मागे बोलावतोय. तूही ओरडतेस. आणि बाबा पळत जातात, म्हशीच्या मागून खांदा लावतात आणि रेटतात. म्हैस बाजूला होते. बाबांना विमानाचा पंख लागतो. आपण त्यांना घरी आणलं तेव्हा म्हैस आधीच येऊन गोठ्यात उभी होती.

हे एवढंच आहे, आये, आणि माझ्या मते हे पुष्कळ आहे. तिच्या दुधावर मी शिकले. म्हणून तर मला तुझा राग यायचा. सुट्टीत घरी आलेले तेव्हा, तू चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होतीस, मी सरळ बोलले, "बाबा म्हशीसाठी गेले. ते विमान साहेबाचं, म्हैस आपली. त्यांनी आपलं राखलं. तू गावभर सांगत सुटलीस की त्यांनी साहेबाचं विमान वाचवलं. तू बाबांना साहेबाचा चाकर करून टाकलंस."

तू भाकरी उलटलीस. म्हणालीस, "म्हशीपायी मेला सांगतलं, का लोक चक् चक् करतात. येडा व्हता बोलतात. ह्ये सांगतलं का मना बसवतात, चा पाजतात."

"मग चहासाठी खोटं बोलायचं?"

"चा गेला चुलीत!" तू माझ्यावर अशी ओरडलीस की हातातलं पीठ उडालं. "तुजं ते दोन पंके न् चार पंके तुज्याकडं ठेव. मना इमानाचं काय करायचंय? त्यात त्यो उटतो गो बाय. उटतो, मुंडासं झटकतो न् घरा जातो. मी तेवड्यासाटी जाते."

मी गप्प बसले असं तुला वाटलं असेल. छे! मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाद घातला. वाईट वाटलं होतं, पण माझं म्हणणं चूक नव्हतं. तुला बघायचं तर शंभरदा बघ, पण लोकांना खरं म्हणून का सांगतेस? तू माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाहीस. मी निघताना मात्र डब्यात भाकऱ्या आणि सुकटाची चटणी बांधून दिलीस.

तू गेलीस तरी तुझी गोष्ट राहिली. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, पुरावा विचारा, असं मुलांच्या कानीकपाळी ओरडत आले. आणि आपल्याच गावच्या सभेत एक तरणाबांड पुढारी माइक धरून सांगतो की आमच्या बाबांनी पेटतं विमान उतरवलं. मी उठून उभी राहिले. म्हटलं, पेटतं नव्हतं, बाबांनी उतरवलं नव्हतं, बाबा म्हशीला वाचवायला गेले होते. मंडळी माझ्याकडे बघून मायेने हसली. एक बाई माझा हात धरून म्हणाली, "बसा बाई, तुम्हाला तरास होतो." डोक्याला हात लावून खाली बसले. त्या बाईला लहानपणी तूच गोष्ट सांगितलेली.

तर काल नातवाने तो सिनेमा लावला. मी चष्मा चढवून तयारच बसले. "हे बघ," म्हटलं, "हे विमान त्या काळातलं नाहीच. आणि पंखे बघ आता, दोन आहेत ना? उतरताना एक दिसेल." तो खो खो हसला. त्याला मजा वाटत होती, मलाही चेव आला. मग तो शेतकरी धावत आला. मुंडासं तर काय, चांगलं लांबलचक, भगवं, आपल्याकडे कुणी बांधतं का तसं? बाबांच्या डोक्याला साधा पंचा असायचा. तेही मी सांगितलं. धुरळा उठला, तो माणूस आडवा पडला, आणि मग उठला.

आये, त्याची झटकायची तऱ्हा बाबांसारखी आहे. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि मग गुडघ्यावर आपटून. दारात आल्यावर बाबा असंच करायचे, आणि तू आतून ओरडायचीस की धूळ बाहेर झाडा म्हणून. कॉलेजात असताना मी हा तुकडा इतक्या वेळा पाहिला, पण मी विमानाकडेच बघत बसलेले.

नातू म्हणाला, "आजी, मग खरं काय झालेलं?"

मी त्याला सांगितलं. विमान पेटलेलं नव्हतं, ते साहेबाचं होतं आणि त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नव्हतं. आपली म्हैस धावपट्टीवर उभी होती, गाभण, आणि तुझे पणजोबा तिला बाजूला करायला धावत गेले. शिट्ट्या वाजत होत्या तरी थांबले नाहीत. खांदा लावून त्यांनी म्हशीला रेटलं, ती बाजूला झाली. मी सगळं बरोबर सांगत होते, आये, शाळेत सांगायचे तसं, क्रमाने.

"आणि मग?" तो म्हणाला.

"मग काय," मी म्हटलं. "उठले, पंचा झटकला, आणि म्हशीला घेऊन घरी आले."