काळ्या पडद्याची वही

॥ श्री भगवती प्रसन्न ॥

पार्से, पेडणे
गुरुवार (उपवासाचा, म्हणून लिहायला सवड)

ती. विमलावन्सं यांना देवकीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा, बाकीचे मागाहून. मी पाठवलेले तेल लावता की कपाटात जपून ठेवले आहे? (जपून ठेवले असेल तर बोलणार नाही, मीही तेच केले असते, पण ते गुडघ्याचे तेल आहे, कपाटाचे नव्हे.) भाऊजींचा खोकला उतरला असेलच. आमच्याकडे देवीच्या कृपेने सगळे ठीक. तुमचे भाऊ रोज उठून काजूच्या बागेत फेरी मारतात आणि घरी येऊन बाग जागेवर असल्याचे मला सांगतात. फोन सोडून पत्र का, असे तुम्हाला वाटेल. तर फोनवर मी बोलायला घेतले की तुमच्याकडे बंदरावरचा भोंगा, माझ्याकडे कुकरची शिट्टी, आणि दोघींच्या मध्ये आपला गौरेश "मामी, थोडक्यात सांग गे" म्हणत उभा. ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही. शिवाय भावकीतला परेश उद्या कामासाठी वास्कोला येतोच आहे, कोकमाच्या सोलांची पिशवी त्याच्याकडे देते आहे, तीत पत्र सरकवले की झाले. तुमच्याकडून काही मागायचे म्हणून लिहीत नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

विषय गौरेशने आमच्या सिद्धीला दिलेल्या जुन्या लॅपटॉपचा आहे. घाबरू नका, तक्रार नाही. (महिन्यापूर्वी लिहिले असते तर असती.) सिद्धीला फेब्रुवारीत पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली ती घरी बसून करायची. काम असे, की ज्याचे यंत्र चालत नाही तो हिला कळवणार आणि ही त्याला ते कसे चालवायचे ते सांगणार. पहिले तीन महिने पारखून घेणार, पटली तर पक्की करणार, आणि तोवर लॅपटॉप आपला आपण आणायचा. रोज सकाळी दहाला त्यांची मिटिंग. पंधरा-वीस माणसे आपापल्या चौकटीत बसलेली, आणि एका चौकटीत पुण्याच्या मॅडम. तिसऱ्याच दिवशी मिटिंगच्या मध्यावर पडदा काळा झाला. "आई गे, गेलो!" ही सिद्धीची किंकाळी मी विहिरीवर ऐकली आणि मला वाटले तुमचे भाऊच गेले. कळशी तिथेच टाकून धावले. हे बागेतून धावत आले, कारण त्यांना वाटले मी गेले. दोघे दारात एकमेकांना पाहून थांबलो तेव्हा कळले की गेला तो लॅपटॉप. संध्याकाळी ह्यांनी शोध लावला की भिंतीवरचे बटणच दाबायचे राहिले होते, दुसरे काही नाही. पण तोवर मी ठरवून टाकले होते, की ज्या यंत्रावर पोरीची नोकरी, ते देवावाचून ठेवायचे नाही.

आपली जुनी व्हॅन तुम्हाला आठवत असेल. ती विकताना पुढच्या काचेखालचा पितळी गणपती मी काढून घेतला होता. गाडी विकली म्हणून काय देवही विकायचा? लिंबाएवढाच आहे, बुडाला काळी चकती, पण चोर्ल्याच्या घाटातल्या वळणांवर आम्ही सगळे डुललो तरी तो कधी जागचा हलला नाही. असा स्थिर देव ह्या कामाला बरा, असा मी विचार केला. पूजा आटपायला मला दहा वाजून दहा मिनिटे होतात. मग गणपतीला गंध लावून ओंजळीत घ्यायचा, पुण्याच्या माणसांना माझे घरातले पातळ दिसू नये म्हणून मेजाच्या आडून वाकून जायचे, बटणांच्या डाव्या अंगाला बिस्किटाएवढी मोकळी जागा आहे तिथे देव अलगद ठेवायचा, आणि त्याला पाठ न दाखवता मागच्या मागे सरकत यायचे. मी दारापर्यंत पोचते न पोचते तोच सिद्धीचे, "आई गे, गेलो परत!" की मी परत धावत आत. गडबडीत देव पडू नये म्हणून आधी तो उचलून छातीशी धरायची, "देवा, पोरीला सांभाळ" म्हणायची, आणि सांगते वन्सं, शब्द पुरा व्हायच्या आत पडदा लख्ख! एकदा नव्हे, रोज. माझ्या डोळ्यांना पाणी यायचे. देव वेळेवर जवळ नसता तर काय झाले असते, ह्या विचाराने मला दुपारी घास उतरत नसे.

पण एवढ्या वेळात मिटिंगमधून पोरगी नाहीशी व्हायची ती व्हायचीच. एक दिवस मॅडमनी सगळ्यांसमोर विचारले, "सिद्धी, तुमच्या गावात वीज नसते का गं?" हे तुमच्या भावाने ऐकले. तीस वर्षे वीजखात्यात खांबावर चढलेला माणूस! त्यांनी त्याच दिवशी खोलीतली सगळी वायर उपटून नवी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून हातात टेस्टर घेऊन सिद्धी बसते त्या कदेलीमागे उभे राहू लागले. (शेवटी मॅडमनीच विचारले, की मागे उभे आहेत ते कोण. "बाबा." "ते बसत का नाहीत?") मग मला वाटले दिष्ट लागली असणार, गौरेशनेही आपल्या बायकोकडून ती काढून घेतली नसेल. एका सकाळी मीठ-मिरच्या घेऊन लॅपटॉपवरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा धूर खोलीत शिरला आणि सिद्धी पूर्ण मिटिंगभर शिंकली, पण पडदा जागेवर राहिला! दोन्ही हात मिरच्यांचे, त्या हातांनी देवाला कसे शिवू, म्हणून गणपती त्या दिवशी देवघरातच होता. ही गोष्ट मी वहीत लिहिली, पण श्रेय मिरच्यांना दिले.

वहीचे सांगायचे राहिले. मी घरखर्चाची वही ठेवते म्हणून तुम्ही मला हसता. तिच्याच मागच्या पानांवर मी ह्या काळ्या पडद्याची नोंद ठेवली होती. वार, तिथी, वेळ, किती मिनिटे, हवा कशी, घरात कोण, उपाय काय केला. मॅट्रिकला शास्त्राच्या बाईंनी शिकवलेले इतक्या वर्षांनी कामी आले. म्हापशाला विनायक म्हणून कोल्हापूरकडचा दुरुस्तीवाला आहे, त्याच्यापुढे मी लॅपटॉप ठेवला आणि वही वाचून दाखवली. तो बिचारा सगळे ऐकून म्हणाला, "वैनी, दोन तास चालू ठेवलाय, डोळा बी मिटला न्हाई त्यानं. तुमच्या घरचं पाणी मानवत नसंल." घरी आणला, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजून बारा मिनिटांनी पडदा काळा. मग मी देवळात जाऊन देवीला कौल लावला, की लॅपटॉप दुरुस्तीला बंगळूरला पाठवू की घरीच काय ते होईल? घरीच होणार असेल तर उजवी दे. देवीने क्षणात उजव्या बाजूची पाकळी दिली. भट म्हणाले, दोष घरातच आहे. मी घरी येऊन ह्यांच्याकडे पाहिले. (तुमचे भाऊ आहेत, पण खरे ते सांगते, मला वाटले त्या टेस्टरचाच काहीतरी दोष.)

एप्रिलच्या सुरुवातीला परेशला मुलगा झाला, म्हणजे आम्हा भावकीला दहा दिवसांचे सोयर. देवांना शिवायचे नाही. शेजारचे भट येऊन फूल-पाणी करून जात, आणि गणपती देवघरात आपल्या जागी. आता रक्षणाला कोणी नाही, पोरीची नोकरी ह्या दहा दिवसांतच जाणार, म्हणून मी धास्तावलेली. तर लॅपटॉप दहाही दिवस समईसारखा शांत तेवत राहिला! अकराव्या दिवशी घर शुद्ध झाले, आणि दहा दिवसांची कसर भरून काढायला मी जास्वंदीचे फूल वाहून गणपती जागेवर बसवला. "आई गे, गेलो!" त्या दिवशी मॅडमनी सिद्धीला बजावले, की महिनाअखेरीला निर्णय आहे, आता परत असे झाले तर मला काही करता येणार नाही. पोरगी दुपारी जेवली नाही. जनेलाकडे तोंड करून बाहेर बघत बसली. मी संकष्टीला एकवीस मोदक बोलले आणि त्याचा गुण दिसला, कारण पुढचे चार दिवस नोंद फक्त "काळा, अर्धे मिनिट" एवढीच. किंकाळीही नाही. गणपती मात्र मी परत आणायला जावे तेव्हा जनेलात ठेवलेला सापडायचा. मला वाटले, त्याला वारा लागावा म्हणून पोरीने हलवला असेल.

त्या रविवारी गौरेशचा फोन आला, की मामी, पडदा कधी कधी जातो ते मला नीट लिहून पाठव. सिद्धी हरमलला मैत्रिणीकडे गेली होती. मी नव्या पानावर नोंदी उतरवायला बसले. आणि वन्सं, अक्षर चांगले काढायचे म्हणून सावकाश लिहीत होते, त्यामुळे प्रथमच वाचतही होते. दहा दिवस रिकामे, सोयर. मिरच्यांचा दिवस रिकामा. म्हापशाला दोन तास, रिकामे. ह्या सगळ्या वेळी लॅपटॉपजवळ काय नव्हते? ह्यांचा टेस्टर तर सोयरातही होताच. मी पेन खाली ठेवले. हात-पाय धुतले, गणपती आणला, लॅपटॉप लावून त्याच्या डाव्या अंगाला ठेवला. काळा. उचलला, उजेड. ठेवला, काळा. अकरा वेळा केले, कारण एवढ्या मोठ्या आरोपाला एक पुरावा पुरे नाही. मग शिवणाच्या डब्यातले सुया गोळा करायचे लोहचुंबक आणून तिथे ठेवले. तेव्हाही काळा! त्या क्षणी जिवावरचे ओझे उतरले. दोष देवाचा नव्हता, बुडाच्या चकतीचा होता. गाडीत चिकटून राहावा म्हणून तिच्यात लोहचुंबक, आणि झाकणातही असेच एक असते, त्यामुळे लॅपटॉपला वाटायचे आपले झाकण मिटले, झोपावे. (हे झाकणाचे मला नंतर गौरेशने सांगितले. तो फोनवर पाच मिनिटे हसत होता. मोठ्या माणसांना हसू नये एवढे त्याला सांगा.) अडीच महिने मी रोज गंध लावून, वाकून, आपल्या हाताने पोरीच्या नोकरीवर झाकण घालत होते. देवापुढे नाक घासले. सिद्धीला मात्र सांगायचा धीर झाला नाही. सोमवारपासून गणपती देवघरातच आहे, आणि "आता गरज नाही, मोदक पोचले" एवढेच मी तिला म्हटले. ती बरे म्हणाली.

महिनाअखेरीला ती पक्की झाली. सगळे गोड झाले, तुम्हाला आनंद वाटावा म्हणून कळवले. सोलां उन्हात अजून दोन दिवस घालावीत. भाऊजींना नमस्कार, गौरेशला आशीर्वाद (हसणे वजा करून). तुमचा गुडघा लवकर जिना चढू दे.

तुमची,
देवकी

ता. क. मागायचे काही नाही असे वर लिहिले आहे ते पत्र सुरू करतानाचे. पक्की झाली म्हणजे जूनपासून दोन महिने पुण्याच्या ऑफिसात जायचे, तिथे शिकवणार आहेत. तुमचे भाऊ ऐकत नाहीत. "दोन म्हयने पुण्याक? त्या मॅडमीकच हंय येवंदे," हा त्यांचा शेवटचा शब्द, आणि मग सबंध दिवस बागेत. ते जगात एका माणसाचे ऐकतात, आणि ते माणूस तुम्ही. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर फोन करा. आधी काजूची चौकशी करा, मग पुण्याचे काढा. मी सांगितले म्हणून सांगू नका.

ता. क. दुसरे. तुमच्यापासून लपवून काय करू. निर्णयाच्या मिटिंगच्या दिवशी मी गणपती हातात घेऊन खोलीच्या दारात उभी होते. ठेवला असता तर पडदा गेला असता, नोकरी गेली असती, आणि पोरगी घरी राहिली असती. एवढेच अंतर होते, दाराकडून मेजापर्यंत. सिद्धी पाठमोरी बसून मॅडमशी बोलत होती, मान ताठ, अगदी तुमच्यासारखी. मी तशीच मागच्या मागे देवघरात आले. म्हणून तुम्ही फोन कराच. हे मागणे मी परत धीराने करीन असे वाटत नाही.

ता. क. तिसरे, पाकीट चिकटवता चिकटवता. आत्ताच सिद्धी येऊन विचारून गेली, की आई, पुण्याक गेलंय तर गाडीतलो गणपती मी व्हरू? मी म्हटले, कशाला नेतेस गे, कुठे ठेवशील? तर म्हणते, "लोखंडाच्या कपाटाक चिकटवीन. लॅपटॉपापासून धा हात लांब." मी तिला चकतीचे एक अक्षर बोलले नव्हते, आणि लगेच फोन करून विचारले तर गौरेश शपथेवर सांगतो की तोही नाही. आता वही उघडून ते चार दिवस पाहते आहे, "काळा, अर्धे मिनिट", आणि जनेलातला देव. मी ठेवून वळले की ही उचलत होती, आणि माझ्या मोदकांना श्रेय घेऊ देत होती. मी तिथे "उपाय"च्या खाली मोदक खोडून सिद्धी असे लिहिले आहे. रविवारचा फोन विसरू नका.