टोपलीची गाठ

धाकटे, तुझ्या गुडघ्यांना थोरलीचे आशीर्वाद. बाकी तू ठणठणीत असणारच, कारण कुरकुरणारी माणसं लवकर मोडत नाहीत (आपली आई आठव). इकडे सगळं बरं आहे. तुझे दाजी अजून पलंगावरच आहेत. डावी बाजू हलत नाही, पण तोंड पूर्वीपेक्षा जास्त चालतं. तू येऊ नकोस. आम्हाला कुणाचं काही लागत नाही.

परवा झाडांचं नवं वर्ष झालं. जन्मभर लाकडं कापून खुर्च्या करणारा हा माझा सुतार, पण या सणाला सिनेगॉगमध्ये पहिला हजर आणि फळांच्या ताटावर पहिला हात त्याचाच (झाडांनी माफ केलं असेल तर त्यांचा मोठेपणा). यंदा मी एकटीच गेले. रीत तुला ठाऊक आहे. सगळ्यांनी मिळून जेवायचं, आणि ज्यांचं अडलंय त्यांच्या दारात सकाळीच फळांची टोपली गुपचूप ठेवायची. कुणी दिली ते कळू द्यायचं नाही, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. इतकी वर्षं त्या टोपल्या मीच बांधल्या.

तर सकाळी दार उघडते तो उंबऱ्याशी टोपली. मी म्हटलं, चुकली, वरच्या मजल्यावरच्या विधवेची असणार. नेऊन दिली, तर ती म्हणते, "आजी, माझी मला मिळाली." मग म्हटलं, असं होय, माझं बाजारात जाणं होत नाही, म्हणून जेवणाला न्यायची माझ्या वाटची फळं कुणीतरी आणून ठेवली. (माणूस स्वतःशी किती हुशारीनं खोटं बोलतो बघ.) वरचीला यांच्याजवळ बसवलं, टोपली काखेत मारली आणि गेले. ठेवली टेबलाच्या मधोमध. सिनेगॉगच्या सेक्रेटरीची बायको आधी टोपलीकडे बघते, मग छताकडे. खजूर तिच्याच घरचे, अंजीर शिंप्याचे, अक्रोड दातांच्या डॉक्टरचे (त्याचाही धंदा चालायला हवा). सगळ्यांनी आपापलं दान मुकाट परत खाल्लं, वर म्हणाले, "काय गोड आणलंत, आजी." दोरी सोडताना माझ्या बोटांना कळलं होतं. अशी उलटी गाठ फक्त दानाच्याच टोपलीला मारायची, हे त्यांना मीच शिकवलंय. पण तोवर सगळे बघत होते, मग सोडली.

सणाच्या रीतीप्रमाणे पांढऱ्यापासून लालपर्यंत द्राक्षरसाचे चारही पेले प्यायले. चव एकाचीही कळली नाही.

घरी येऊन यांना सांगितलं तर अर्ध्या तोंडानं हसले. उरलेल्या अर्ध्याचं मी विचारलं नाही.

तुझी,
थोरली

ता.क. यांना उठवून बसवायला दोन माणसं लागतात.

आणखी ता.क. काल मी एकटीनं उचलायला गेले आणि दोघंही खाली पडलो. वरची येईपर्यंत तसेच जमिनीवर पडून होतो. मंगळवारच्या गाडीनं ये. स्टेशनवर घ्यायला येणार नाही, यांना सोडता येत नाही.