काळी जोडी, तपकिरी जोडी

फोंडाघाट, ९ जानेवारी २०२५

चि. सौ. यशोदेस अनेक आशीर्वाद.

फोनवर हल्ली कोण काय बोलतं ते धड कळत नाही. कंपन्यांनी आवाजाची पार वाट लावली आहे, म्हणून पत्र. तुझा जितेंद्र कोल्हापूरहून येताना फडताळात मावतील अशा छोट्या स्पीकरच्या दोन जोड्या ठेवून गेला, एक काळी नि एक तपकिरी. आठ दिवस ऐक मामा, आवडेल ती ठेव, दुसरी दुकानदाराला परत करू, म्हणाला. आईची टेपही त्याने साफ करून पेनड्राइव्हवर घालून दिली. ती तांदूळ पाखडत गाते, तीच. तिचा आवाज आपल्याकडे तेवढाच उरला आहे, तेव्हा जोडी निवडताना चूक नको.

तपकिरीचा खर्ज भरदार, पण बारीक आवाज तिला काढताच येत नाहीत. आईच्या गळ्यावर घोंगडी टाकल्यासारखं वाटतं. सुपाची सळसळ तर तिने गिळूनच टाकली. काळीत ती थोडी तरी येते. तुझी सून तन्वी म्हणते, काळी कानाला टोचते. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले मी, आता ही मला शिकवणार! तपकिरी परत पाठवतो आहे.

घरच्यांना आशीर्वाद. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
गणपतदादा

वेंगुर्ले, १८ जानेवारी

ती. गणपतदादास शि. सा. न. वि. वि.

जितेंद्र तपकिरी जोडी परत नेण्याआधी इकडे घेऊन आला. मी ती पडवीत लावून आईला ऐकलं. पहिल्या ओळीलाच रडू आलं.

आता लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. दादा, या जोडीत सुपाची सळसळ येते. स्वच्छ येते. बांगड्यासुद्धा वाजतात. स्पीकरमध्ये दोष नाही आणि फोनमध्येही नाही. तुझे कान कमी झालेत रे. उद्या काजूच्या मोहोराला वास येत नाही म्हणून झाडावर रागावशील! कणकवलीला जाऊन तपासून घे, मी सोबत येते. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण पत्र मात्र पाठव.

तुझा लोभ गृहीत धरणारी,
यशू

फोंडाघाट, २७ जानेवारी

चि. सौ. यशोदेस आशीर्वाद.

तीन दिवस रागावलो. चौथ्या दिवशी एकटाच कणकवलीला गेलो. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं बरंचसं कळेल, पण अगदी बारीक आवाज आता पूर्वीसारखे येणार नाहीत. जन्मभर लोकांच्या रेडिओतले दोष काढले, स्वतःत बघायचं सुचलंच नाही.

तुला ठाऊक आहे, मास्तरकी सोडून दुकान टाकलं तेव्हा आई माझ्याशी तीन महिने बोलली नव्हती. पुढे बोलायला लागली, पण दुकानाचं नाव कधी तिने काढलं नाही. शेजारच्या गंगाकाकूने आग्रह केला म्हणून त्या दिवशी माझ्या टेपरेकॉर्डरसमोर बसली. मला वाईट वाटतं यशू, ते अजून गेलेलं नाही.

तपकिरी तूच ठेव. तिच्यातून जे जे ऐकू येईल ते सगळं लिहून पाठव, काही गाळू नकोस. डोळे अजून शाबूत आहेत.

तुझा,
दादा

वेंगुर्ले, ४ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे वही घेऊन बसले. आधी बटणाचा खटका. तू बेंबीच्या देठापासून तारीख सांगतोस. आई हसते, खोकते आणि मग गाते. दुसऱ्या कडव्यात श्वास चुकतो. गाणं संपतं, तरी पाखडणं चालूच राहतं. कोंबड्या कलकलाट करतात आणि तू त्यांना हाकलायला बाहेर जातोस, चपला वाजतात तुझ्या.

इथपर्यंत तुलाही पाठ असेल. पुढचं जुन्या यंत्रांच्या घरघरीत आपल्याला कधी कळलंच नव्हतं. सूप थांबतं. आई अगदी हळू, खर्जात गंगाकाकूला म्हणते की, लोकांका काय्येक म्हणांदेत गो, मेलेलो रेडिओ माझ्या गणपताच्या हातात बोलाक लागता, माका बरां वाटता. पण तेका सांगू नुको हां, शेफारतलो.

मी पाच वेळा ऐकलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

सांगू नको म्हणाली ती गंगाकाकूला, दादा. मला नाही.

तुझी,
यशू