एकाच पापुद्र्याचे चार शोध

दिनांक : ११ मार्च

प्रति,
मा. संचालक,
अवकाश कचरा निरीक्षण केंद्र.

विषय : एकाच पापुद्र्याला दिलेले चार क्रमांक रद्द करून त्याचा माग चालू ठेवण्याबाबत.
संदर्भ : चौकशी समितीचा गेल्या आठवड्यातील अहवाल, ज्यात माझे म्हणणे ‘करमणूकप्रधान’ ठरले आहे.

महोदय,

१. मी केंद्रात ज्येष्ठ निरीक्षक असून येत्या शुक्रवारी निवृत्त होत आहे. जुन्या उपग्रहावरून सुटलेला, टॉवेलाएवढा एक चकचकीत पापुद्रा मी कित्येक वर्षे पृथ्वीभोवती फिरताना पाहत आलो आहे. वजनाला काहीच नाही. नुसता सूर्यप्रकाश पडला तरी ढकलला जातो, सावलीत शिरला की तो रेटा थांबतो, शिवाय सतत कोलांट्या. ठरल्या जागी सापडेल तर शपथ. म्हणून आम्ही दोघांनी त्याचे नाव ‘भटकभवानी’ ठेवले.

२. दोघांनी म्हणजे मी आणि माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. त्याला इथे मीच चिकटवले, शेजारी बसवून काम शिकवले. केंद्राचे गणित प्रत्येक तुकडा गोल चेंडू धरून चालते. ते पापुद्र्याला लावले की भवानी भलतीकडेच उगवते आणि संगणक ‘अनोळखी वस्तू’ म्हणून बोंब मारतो. अशा वेळी आधी तीच आहे का हे ताडून पाहायचे, असे आमचे ठरलेले. मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर असताना मेहुण्याने मात्र दर वेळी नवा क्रमांक घेतला. चार क्रमांक, चार शोध, चार सत्कार. चौथ्या सत्काराला मी कुबड्यांवर येऊन टाळ्या वाजवल्या, हे विशेष नमूद करतो.

३. माझ्या तक्रारीवरून झालेल्या चौकशीत तो म्हणाला, “आमच्या दाजींचं काय घेऊन बसलात साहेब, त्यांना सांगायला रोज एक गोष्ट लागते.” समिती खळखळून हसली. भवानी मला डोळा मारते आणि एकदा माझ्या वाढदिवसाला वाट वाकडी करून आली, असे मी उपाहारगृहात सांगितले आहे. डोळा मारते हे खरे. कोलांटीत चकचकीत बाजू समोर आली की ती लखलखते. वाढदिवस पदरचा. पण ती वाट वाकडी करून आली त्या दिवशी मेहुणा माझ्या पाठीवर थाप मारून ओरडला होता, “दाजी, आली बघा तुमची बया!” हे पदरचे नाही. समितीपुढे त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

४. पत्नीकडे दाद मागितली. “माझ्या भावाला चार शोध लागले, तुम्हाला एक तरी लागला का?” असे उत्तर मिळाले. घरचे अपील फेटाळले गेल्याने आपल्या दारी आलो आहे.

५. चारही क्रमांक चेंडूच्या हिशेबाने शोधले जातील, सापडणार एकही नाही, आणि ‘हरवले’ असा शेरा पडेल. भवानी मात्र वर फिरतच राहील आणि एक दिवस कोणाच्या तरी चालत्या उपग्रहावर जाऊन आदळेल.

सबब विनंती की, तिचा मूळ क्रमांक तेवढा ठेवावा, पापुद्र्याचे गणित पापुद्र्यासारखे करावे, आणि शुक्रवारनंतर तिच्यावर नजर ठेवण्याचे काम माझ्या मेहुण्याकडेच द्यावे. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. परंतु तिला पाहताक्षणी ओळखेल असा या केंद्रात दुसरा कोणीही नाही.

शुक्रवारपर्यंत आपलाच,
(सही)
ज्येष्ठ निरीक्षक
(उपाहारगृहात : थापाडे काका)