रांगेत न दिलेली ओळख

बाई,

तुम्ही गेल्यावर अंधेरीत शोकसभा झाली, तेव्हा मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. तुमची पुस्तकं, परदेशातली व्याख्यानं, डॉक्टर मंडळींशी घातलेले वाद, सगळं निघालं. एकच औषध टेकडीवरच्या झोपडीत आणि बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये सारखं का लागू पडत नाही, हे शोधण्यात बाईंनी आयुष्य घातलं, असं एकजण म्हणाले. खरंच आहे ते. पण मुलुंडच्या दवाखान्यातल्या रांगेचा विषय कोणी काढला नाही. काढणार कोण, तिथे मी होतो आणि तुम्ही. त्या सभेलाही आता कितीतरी वर्षं झाली, आणि मी आज लिहायला बसलोय.

मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही आम्हाला समाजशास्त्र शिकवायचात, त्याच वर्गातल्या एकीवर जीव जडला होता. तिच्यावरून एकाची कॉलर धरली, प्रिन्सिपॉल म्हणाले माफी माग, मी म्हटलं कॉलेजच नको मला. घरी वाट लागली. भांडुपला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो आणि थोड्याच दिवसांत खोकला सुरू झाला. टीबी निघाला. दवाखाना भांडुपलाही होता, पण ती आमच्याच गल्लीत राहायची. तिथल्या रांगेत कोणी बघितलं असतं तर संपलंच. म्हणून मी मुलुंडला जायचो. वर्गात तुम्ही नेमकं हेच शिकवलं होतं, की भांडुपचे पेशंट मुलुंडला जातात आणि मुलुंडचे घाटकोपरला, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. तेव्हा मागच्या बाकावर मी मोठ्याने हसलो होतो.

सकाळची वेळ आहे. मी सुई घ्यायला उभा आहे आणि तुम्ही तुमच्या अभ्यासासाठी हातात पॅड धरून रांगेच्या कडेने एकेकाशी बोलत येताय. एक तरुण डॉक्टर दारातून टोमणा मारतो, बाई, नाडी बघता येते का तुम्हाला, मग इथे काय करता? तुम्ही शांतपणे सांगता, नाडी तुम्ही बघा, इथे यायला हा माणूस कामावर खाडा करतो ते मी बघते. रांगेतले दोघंतिघं हसतात. मग तुम्ही माझ्यापाशी येता. तुमची नजर भिंतीवरून जावी तशी माझ्यावरून जाते आणि तुम्ही पुढच्या म्हातारीची चौकशी करायला लागता. माझं डोकंच फिरलं. सुई घेतली आणि तुम्हाला गेटपाशी गाठलं. विसरलात का, कॉलेज सोडलेल्या पोराची लाज वाटते का, नको नको ते बोललो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"रांगेत मी कोणालाच ओळखत नाही," तुम्ही म्हणालात. "ज्याला ओळख द्यायची तो देतो. आता दिलीस ना? चल, चहा घेऊ."

आग्रा रोडवरच्या त्या हॉटेलात मी तुम्हाला तिच्याबद्दल सांगितलं. औषधाची मला भीती नव्हती. भीती एवढीच होती, की त्या मुलीला कळलं तर ती आजारापायी नाही म्हणेल, आणि मग मी बरा झालो तरी जन्मभर टीबीवालाच राहीन. या आजारात मोडलेली लग्नं तुम्ही वर्षानुवर्षं बघत होतात. मला वाटलं, लपव म्हणाल, नाहीतर सांगून टाक म्हणाल. तुम्ही म्हणालात, "दहा घरांत काय झालं ते मला सांगता येतं रे. तुझ्या घरात काय होईल ते नाही येत."

थांबणं माझ्या स्वभावात नव्हतंच. त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो आणि तिला दारात बोलावून सगळं सांगितलं, आजारही आणि बाकीचंही. ती जरासुद्धा मागे सरकली नाही.

"टीबीचं काय एवढं? माझ्या काकाला झाला होता, चांगला ठणठणीत आहे. गोळ्या सोडू नकोस फक्त," ती म्हणाली. मग चपलेकडे बघत म्हणाली, "पण मला तुझ्याशी लग्न नाही करायचं रे. तू आवाज चढवलास ना, की माझ्या पोटात गोळा येतो."

पुढच्या खेपेला तुम्ही मला बघितलंत. या वेळी ओळख मी आधी दिली. काय झालं विचारलंत, मी म्हटलं, नाही म्हणाली. तुमचा चेहरा उतरला. तुम्हाला वाटलं आजारच आडवा आला, तर मी घाईघाईने तेवढं सांगून टाकलं, की आजार नाही, मीच आडवा आलो. तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत, हसलातही, आणि हळूच विचारलंत, रडलास का रे? मी मान हलवून हो म्हटलं, कारण तुम्ही इतक्या मायेने विचारलं होतं. औषध मी पुरं केलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. आवाज अजून चढतो, पण आता चढताना मला तो ऐकू येतो.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून घडी करून ठेवणार आहे. पण बाई, मी रडलो नव्हतो. तिच्या दारातून निघालो तो छातीवरचं ओझं उतरल्यासारखा. आजाऱ्याला नव्हतं नाकारलं तिने, मला नाकारलं होतं, धडधाकट माणसाला नाकारतात तसं. नाक्यावर आलो आणि कडकडून भूक लागली. उसळपाव मागवला, तो संपवून आणखी एक मागवला. कित्येक महिन्यांनी तिखट मला तिखट लागत होतं.