मागल्या दारचा गडगा

प्रिय अक्का,

परवा भाऊबीजेच्या सकाळी तिकडे जर्मनीत, वाल्डॉर्फला मी देवापुढे निरांजन लावलं, सवयीने लॅपटॉप उघडला आणि तुझ्या कॉलची वाट बघत बसलो. तुला जाऊन सात महिने झालेत, हे आठवेपर्यंत चहा गार झाला होता. मग ऑफिसात उरलाउबचा, म्हणजे रजेचा, अर्ज टाकला आणि निघालो. आता तुझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहितोय.

अकरा वर्षं तू स्क्रीनवरून ओवाळलंस. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं. आणि मी? "पुढच्या वर्षी नक्की, प्रोजेक्ट संपू दे."

"तुझा प्रोजेक्ट आणि आपल्या गावचा रस्ता, दोन्ही एकाच दिवशी पुरे होतील बघ!" तू म्हणायचीस.

तुझ्या अंत्यविधीला आलो तोही डब्लिनपर्यंतच; दहन तिथेच झालं. तुझं आयर्लंडचं हे गाव फोनवरूनच पाठ होतं. एक रस्ता, टोकाला चर्च, दगडी पूल, खाली चहाच्या रंगाचं पाणी. पलीकडे पाय ठेवला की हलणारी काळी जमीन; तिथली माती वाळवून लोक चुलीत जाळतात. आणि जिकडेतिकडे गडगे! "अरे, आपल्या कोकणातल्यासारखेच, नुसते दगडावर दगड. माझ्या मागल्या दारचा पडलाय. आबांनी तुला शिकवलंय ना? ये आणि रच."

मी हसण्यावारी नेलं. तू खरंच वाट बघत होतीस का गं?

काल आलो तर खिंडार तसंच, आणि तुझ्या वाफ्यात मेंढ्या. आज सकाळी रचायला बसलो. गुडघे कुरकुरतात आता. आबांसारखी प्रत्येक फटीत कपची ठोकत होतो, तेवढ्यात तुझे घरमालक, म्हातारे मायकल, काठी टेकत आले.

"फटी कशाला बुजवतोस?"

"साप शिरतो."

केवढे हसले! "या देशात सापच नाहीत, बाबा. फटी वाऱ्यासाठी. त्याला वाट दिली नाहीस तर भिंतच आडवी करेल." मग हळूच म्हणाले, "तुझ्या बहिणीनेही पहिल्या दिवशी सापाचंच विचारलं होतं."

मी खाली बघत एकेक कपची काढत राहिलो. थकलोय अक्का, नुसत्या हातांनी नाही.

गडग्याच्या आडोशाला निरांजन ठेवलं. फटीतून वारा आला, विझलं. पुन्हा लावलं.

दर भाऊबीजेला येईन. हसू नकोस! माझ्या 'येईन'वर तू का विश्वास ठेवावास, हे मलाही कळतं. म्हणून आधी शेवटचा दगड बसवला, मगच कागद घेतला. मेंढ्या पलीकडे आहेत.

तुझा उशिरा पोचलेला,
बाळू